एका मताने पडलेला ठराव

दात ठणकत होता म्हणून नगरसेवक गालाला रुमाल बांधून दवाखान्यात बसले होते. शेजारच्या दोन बायकांनी त्यांना ओळखलं नाही.

“गटाराला झाकण बसलं का गं?”

“कुठलं! काल सासूबाईंचा पाय गेला आत. नशीब, नुसता मुरगळला.”

“आणि आपला नगरसेवक?”

“सभेत झोपतो म्हणे.”

“मग मत कसं देतो?”

“शेजारचा कोपराने ढोसतो, की हा हात वर करतो.”

नगरसेवकांना राहवेना. “ताई, तुमच्या झाकणाचा ठराव एका मताने पडला. त्या दिवशी कोपर उशिरा बसला.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

त्यांनी रुमाल सोडला.

“सोमवारी पुन्हा मांडतो.”

“आम्ही येऊ बघायला.”

“या. अगदी माझ्यासमोर बसा आणि सासूबाईंनाही आणा.”