पाठीवरची थाप

नाव प्यो चांग-गिल, वय ५७, धंदा सार्वजनिक स्नानगृहात गिऱ्हाइकांचे अंग घासणे, राहणार स्नानगृहामागील गल्ली, गुनसान, दक्षिण कोरिया.

ठाण्यात स्वतः येऊन, कोणाच्या भिडेखातर नव्हे, सांगतो की,

काल रविवारी सकाळी पुरुष विभागात गर्दी होती. उपस्थित मंडळी दिगंबर अवस्थेत असल्याने कोण कोणत्या योग्यतेचा, हे सांगता येत नव्हते. कु बोन-ह्यक (वय ३१, लिफ्ट दुरुस्ती) प्रथमच आले होते. त्यांना बाकावर पालथे झोपवून पाठ घासली. मळ यथास्थित निघाला. पाठ झाली की 'वळा' असे आम्ही तोंडाने सांगत नाही, ओल्या हाताने थाप मारतो. न्यायाधीश आले तरी मारतो. तशी मारली.

थाप पडताच बोन-ह्यक उडी मारून उतरले, भिंतीकडे तोंड करून, हात डोक्यामागे घेऊन उभे राहिले आणि मोठ्याने एक आकडा म्हणाले. गरम पाण्याच्या टाकीत बसलेले लोक हसले. मीही हसलो. "अरे बाबा, कूस बदल म्हटलं, भिंतीशी लग्न लाव असं नाही म्हटलं!" असे म्हणत मी मागून त्यांचा खांदा धरला. त्यांचे कोपर फिरले. मी साबणाने निसरड्या झालेल्या फरशीवर पडलो. उजवे मनगट मोडले.

'खुनी हल्ला' अशी तक्रार निवृत्त शिक्षक बान नाम-सिक यांनी दिली आहे. गुरुजींचा चष्मा त्या वेळी कपाटात होता.

मला दवाखान्यात बोन-ह्यक यांनीच नेले. वाटेत बोलणे झाले ते असे :

"काका, सतराव्या वर्षी मी सुधारगृहात होतो. तिथं पाठीवर थाप पडली की भिंत गाठायची आणि आपला नंबर सांगायचा. उशीर झाला तर दुसरी थाप हाताची नसायची."

"सुटून किती वर्षं झाली?"

"बारा."

"झोप लागते का?"

"दिवा चालू असला तर."

"मग डॉक्टरला दाखव की, शहाण्या."

"लिफ्टवाला डोक्याच्या गोळ्या खातो म्हटल्यावर कंपनी दोराला हात लावू देईल का? अजून कायम केलेलं नाही मला. त्यात आता ही केस होणार."

साहेबांनी विचारले, आपण स्वतःच घसरलात असे लिहू का, म्हणजे प्रकरण मिटेल. तसे लिहू नये. कोपर लागले, हे खरे आहे. पण न सांगता, मागून आणि हसत हसत हात मी घातला होता. ते ज्याला ढकलत होते तो माणूस त्या दिवशी आमच्या स्नानगृहात नव्हता. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही, त्यांना शिक्षा व्हावी अशी इच्छा नाही. कंपनीला पत्र जाऊ नये, ही विनंती.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. फक्त बोन-ह्यक यांच्या नावापुढे 'आरोपी' लिहिले होते, ते खोडून 'गिऱ्हाईक' करायला लावले आणि खोडल्या जागी डावा अंगठा उठवला. साहेबांची याला हरकत आहे. ती त्यांनी वेगळ्या कागदावर लिहावी.