धूर माझा, छाती माझी!

…आणि वर मलाच विचारतात, ‘तुम्हाला कशाला हवीत दहा मिनिटं?’ अहो, कशाला म्हणजे? पाय मोकळे करायला! कान मोकळे करायला! तुम्हाला सांगतो, कपडे धुवायची मशीन बनवणाऱ्या कंपनीत मी तक्रारींचे फोन घेतो, सकाळी हेडफोन चढवला की संध्याकाळी कान काढून उशाशी ठेवावा असं वाटतं, एक बाई किंचाळते, ‘अहो, मशीन फिरतच नाहीये!’, ती फोन ठेवते न ठेवते तोच एक आजोबा, ‘अहो, मशीन थांबतच नाहीये!’, आणि माझ्या शेजारचा भोंगा… भोंगा म्हणजे आमचा सहकारी, आवाजावरून नाव पडलंय त्याचं… तो मात्र दर तासाला उठतो, खिसा चाचपतो आणि निघाला मागच्या जिन्यावर सिगारेट ओढायला! त्याचे फोन कोण घेणार? मी! आता हा हक्क की सवलत, तुम्हीच सांगा!

गेलो सुपरवायझर बाईंकडे. म्हटलं, बाई, मलाही दर तासाला दहा मिनिटं द्या. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘ओढता का?’ म्हटलं, नाही. ‘मग बाहेर जाऊन काय करणार?’ म्हटलं, काहीच नाही. ‘काहीच करायचं नसेल तर ते खुर्चीत बसून करा. त्यांचं वेगळं आहे, त्यांना गरज असते.’ गरज! म्हणजे ज्याने फुप्फुसं धड ठेवली त्याने फोन उचलायचे आणि ज्याने जाळली त्याने हवा खायची? माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो, एक सिगारेट घेतली, बाईंच्या टेबलासमोर उभं राहून ओठात धरली आणि म्हटलं, ‘बाई, आजपासून मलाही गरज आहे!’

आणि काय सांगू तुम्हाला… तो जिना! अहो, सगळं ऑफिस त्या जिन्यावर चालतं! कुणाची बढती, कुणाची बदली, साहेबांचं घरी कुणाशी बिनसलंय, सगळं तिथे! मी आपला न पेटवलेली सिगारेट बोटांत नाचवत बसायचो. कुणी काडी पुढे केली की म्हणायचो, ‘आत्ताच विझवली हो.’ सगळे किती प्रेमळ! मला खोकला झाला तर भोंग्याने पाठ चोळली माझी, म्हणाला, ‘होतं रे सुरुवातीला.’ सुरुवातीला कसलं, अरे, तुझाच धूर माझ्या नाकात गेला होता! पण मजा होती हो, खोटं कशाला बोलू? मजा होती!

असे काही महिने गेले आणि काय झालं, धूर वर चढायला लागला. म्हणजे धूर वरच चढतो, तो बिचारा दुसरं काय करणार… पण वरच्या मजल्यावर हिशेबाच्या बायका बसतात, त्यांतल्या एकीला दिवस गेलेले, ती नाकाला पदर लावून थेट मोठ्या साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, ‘जिना बंद!’ खाली हाहाकार! भोंगा म्हणाला, ‘हा आपला हक्क आहे, सभा भरवा, बोलायला माणूस निवडा!’ आणि निवडलं कुणाला? मला! का? तर अख्ख्या जिन्यावर न खोकता एक वाक्य पुरं करू शकेल असा मी एकटाच होतो!

सभेचा दिवस उजाडला. मोठी खोली, साहेब मधोमध, हिशेबाच्या बायका डावीकडे, आमची खोकणारी फौज उजवीकडे. मी उभा राहिलो आणि तुम्हाला सांगतो, अंगात काय संचारलं कुणास ठाऊक! म्हटलं, ‘साहेब, माणसाचं आयुष्य त्याचं स्वतःचं आहे की कंपनीचं?’ टाळ्या! ‘आज सिगारेट बंद कराल, उद्या चहा बंद कराल, परवा शिंकायची परवानगी घ्यायला लावाल!’ टाळ्या! भोंगा तर डोळे पुसत होता. मग मी छाती ठोकली, ‘धूर माझा, छाती माझी! मी तिचं वाटेल ते करीन!’

आणि मागून आवाज आला, ‘छाती तुझी?’

वळून बघतो तर पाण्याच्या पिंपाशेजारी माझी मावशी! हिनेच मला लहानाचं मोठं केलं. मी विसरलेला डबा घेऊन आलेली, दारावरच्या माणसाने सांगितलं, तुमचा भाचा भाषण करतोय, तर ही बापडी कौतुकाने आत येऊन बसलेली. आता उभी राहिली. ‘छाती तुझी? थंडी पडली की रात्र रात्र त्या छातीला शेक कोण द्यायचं? आणि तुझे काका… तेही हेच म्हणायचे, माझी छाती, मी बघून घेईन. छाती त्यांची, पण खोकला अख्ख्या घराला होता. शेवटी शेवटी जिना चढवेना, तर मधल्या पायरीवर मी खुर्ची ठेवली होती. विसरलास?’

विसरीन कसा? त्या खुर्चीशेजारी पायरीवर बसून मी शाळेचा अभ्यास केलाय. मावशीने पदर डोळ्यांना लावला, आणि माझ्या तोंडून निसटलंच, ‘अगं मावशी, मी ओढतच नाही!’

‘सगळे असंच म्हणतात.’

‘शपथ घेऊन सांगतो! एकही नाही!’

साहेब पुढे वाकले. ‘मग इतके महिने जिन्यावर काय करत होतात?’

म्हटलं, ‘काहीच नाही, साहेब. काहीच न करायला जात होतो.’

अहो, साहेब हसायला लागले! हिशेबाच्या बायका हसल्या, मावशी रडता रडता हसली, सुपरवायझर बाईंचा चष्मा घसरून कागदांत पडला. फक्त आमची उजवी बाजू हसेना. भोंग्याने माझ्याकडे असं पाहिलं की… मी त्याचं घर लुटलं असतं तर बरं होतं! साहेबांनी तिथल्या तिथे निकाल दिला, ‘दर तासाला दहा मिनिटं सगळ्यांना. का, कशाला, कुणी विचारायचं नाही. तो हक्क! आणि ओढायचं तर रस्त्यापलीकडे, भिंतीपाशी, तिथे कुणाच्या नाकात जाणार नाही. ती सवलत!’

झालं! जिंकलो म्हणायचं की नाही? सगळं ऑफिस मला दुवा देतंय. घरी मात्र मावशी रोज दारातच म्हणते, ‘तोंड उघड, वास बघू दे.’ पण ते जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी माझी हक्काची दहा मिनिटं घेऊन ऐटीत जिन्यावर गेलो, तर तिथे हिशेबाच्या बायका आणि बाळंतपणाच्या गप्पा! मला बघितलं आणि एकदम गप्प. एक म्हणाली, ‘अय्या, तुम्ही धूरवाले ना? छाती ठोकत होतात की!’ तिथून गेलो रस्त्यापलीकडे. भोंग्याने झुरका घेतला, धूर बाजूला सोडला… माझ्या तोंडावरसुद्धा नाही हो सोडला… आणि म्हणाला, ‘इथे ओढणाऱ्यांनाच सवलत आहे.’

जाणार कुठे मी? आलो परत खुर्चीत. शेजारच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या, सगळ्यांचे फोन एकदम वाजतायत, आणि माझा हक्क आहे हं, मला कुणी उठवू शकत नाही… म्हणून दर तासाला ती दहा मिनिटं मी हक्काने सगळ्यांचे फोन घेतो.