नवरीच्या जागी आलेलं नाव

नाही, बस बस, रागावले नाहीये मी – रागावले की मी 'वेदिकाताई' म्हणते, तीन आठवडे झाले तुला इथं लागून, एवढं तर कळलं असेल – मी फक्त विचारतेय की टेम्प्लेटमधलं हे 'ओन्ली' तू काढलंस कशाला. काढलं तरी पान चालतंय? चालणारच. तीच तर पंचाईत आहे. हे बघ, आपली वेबवरची लग्नपत्रिका म्हणजे एक मोठं टेम्प्लेट, साचाच, आणि त्यात आपण छोटी छोटी इन्क्लूड करतो, आत जोडतो – नवरा-नवरीच्या नावांचं एक, कार्यालयाच्या पत्त्याचं एक. छोट्याला जे लागेल ते आपण त्याच्या हातात द्यायचं. आणि द्यायला विसरलो तर? 'ओन्ली', म्हणजे 'दिलंय तेवढंच वापर', असेल तर जागा रिकामी राहते, चूक लगेच दिसते. नसेल तर ते गुपचूप मोठ्या पानात हात घालतं आणि त्याच नावाचं जे व्हेरिएबल, म्हणजे माहितीचा कप्पा, सापडेल ते उचलतं. उचललं तर काय बिघडलं म्हणतेस? हसू नकोस, सांगते.

दोन वर्षं झाली. आपलं ऑफिस तेव्हा सातपूरला, खाली वर्कशॉप, वर मी एकटी. शेखरची पत्रिका करायला आली. शेखर म्हणजे – डिप्लोमाला माझ्या वर्गात होता, निफाडचा, तीन वर्षं आमची प्रॅक्टिकलं एकत्र, म्हणजे जर्नल मी लिहायचे आणि सह्या तो घ्यायचा. मित्र. नुसता मित्र गं, भुवया खाली घे. नवरी नामपूरची, ललिता. तर पानाच्या तळाशी पत्रिका बनवणाऱ्याचं, म्हणजे माझं, नाव येतं ना, त्याच्या व्हेरिएबलला मी साधं 'नाव' म्हटलं होतं. छोट्या टेम्प्लेटलाही 'नाव'च हवं होतं, नवरीचं. ते द्यायला मी विसरले. आणि तपासून घे म्हणून लिंक त्याला पाठवली – फक्त त्याला, पाहुण्यांना नाही. मोठ्या सोनेरी अक्षरांत, गणपतीच्या खाली – 'सरिता आणि शेखर'.

मला कधी कळलं? आता खरं सांगायचं तर – पाचच मिनिटांत. मग दुरुस्त का नाही केलं? सर्व्हर स्लो होता. बरं, नव्हता. एका ओळीचं काम होतं. मी ते पान समोर उघडं ठेवून बसले होते, इतकंच – म्हटलं, फोन करेल, हसेल, चार टोमणे मारेल, मग बदलू, घाई काय आहे. साडेअकराला फोन आला. हसला नाही. म्हणाला, "सरिता, नवरीचं नाव ललिता आहे, तेवढं बदल." मी म्हटलं, "अरे हो, चुकून." तर म्हणतो, "चुकूनच ना?" मी म्हटलं, "चुकूनच रे, इन्क्लूडचा घोळ आहे." – आणि खोटं नव्हतं ते, तूच सांग, घोळ इन्क्लूडचाच होता ना? खाली वर्कशॉपातलं मशिन चालू होतं. शेवटी म्हणाला, "बरं." आणि ठेवला.

बदललं मी. लग्न झालं, जेवून आले, मठ्ठा छान होता. ललिता चांगली आहे, मला अहो-जाहो करते, आता मुलगी आहे त्यांना. संपलं. तेव्हापासून प्रत्येक इन्क्लूडला मी 'ओन्ली' लावते, एवढंच तुला सांगायचं होतं, बाकीचं उगाच बोलले.

फक्त त्या संध्याकाळी सर्व्हरचा लॉग, कोणी कधी पान उघडलं त्याची नोंद, बघत होते, दुसऱ्याच कामासाठी – लिंक त्याच्या एकट्याकडे होती ना – तर पान त्यानं पहिल्यांदा उघडलं होतं सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. आणि तिथून साडेअकरापर्यंत नऊ वेळा. एक नाव वाचायला नऊ वेळा कशाला लागतं गं माणसाला? नेट जात असेल. निफाडकडे जातं नेट.

अशी बघू नकोस माझ्याकडे. जा, डबा खाऊन घे तू. मला भूक नाही. आणि जाताना दार ओढून घे.