आंधी, पापड आणि मुक्ताची वही

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवाल, कधीच न चुकणाऱ्यावर की रोज चुकणाऱ्यावर? माझा धंदा पापडांचा, वाळवण नदीवरच्या बालाजी घाटाजवळच्या आमच्या गच्चीवर. पुतणी मुक्ता सुट्टीत वादळं मोजायच्या इंटर्नशिपला लागली आणि वाऱ्याचं यंत्र त्याच गच्चीवर लावून बसली. दोनदा म्हणाली, "काका, आंधी येतेय, पापड उचला." दोनदा उचलले, पान हललं नाही. तिने वहीत लिहिलं, 'अंदाज चुकला.'

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लग्नघरचे पापड पसरलेले. ओले उचलावेत तर चिकटणार, ठेवावेत तर धुळीत जाणार. माझी जिन्यावर नुसती ये-जा. शेवटी घाटावरच्या रामधनी नावाड्याला विचारलं.

"कुछ नहीं आएगा, सेठजी. चालीस साल में हम कभी गलत नहीं हुए."

हे ऐकलं आणि वर जाऊन पापड उचलले. आपली चूक आपल्याच हाताने लिहिणारं माणूस मला अख्ख्या बाजारात भेटलेलं नाही.

तासाभरात आंधी आली. शेजाऱ्यांच्या चादरी नदीपलीकडच्या रामनगरच्या दिशेने गेल्या. दुसऱ्या दिवशी रामधनी म्हणतो, "हमने तो कहा ही था, आएगी."

तेव्हा हा किस्सा पुढे सांगाल, तर मुक्ताचे चुकलेले दोन दिवसही सांगा. हिशेब खरा ठेवा.