वेताळाला मारलेला दगड

अक्का, आणि जमलेल्या मंडळींनो,

शोकसभेला एवढी गर्दी! नाना असते तर म्हणाले असते, "तिकीट लावायला पाहिजे होतं." हसा, नानांना चालेल. मला मात्र आज नीट बोलता येणार नाही. लाउडस्पीकर भाड्यानं देऊन मी पोट भरलं. माईक कायम दुसऱ्यांच्या हातात दिला. स्वतः आज पहिल्यांदा धरलाय.

आपले सुकलाल नाना. दिवसभर शिलाई मशीनवर आणि जत्रेच्या नाटकात वेताळ, माणसांचं रक्त पिणारा. पोरं दुकानासमोरून पळत जायची. नाना दात विचकायचे, मग हाक मारून गोळ्या द्यायचे.

पूर्वी नाटकात वेताळ मरायचा, संपलं. नानांनी एक प्रवेश वाढवला. मरण्याआधी वेताळ, त्यानं मारलेल्या पोराच्या आईसमोर जाऊन बसतो. म्हणतो, "बाई, तहान शापानं दिली. पण गळा मीच धरला." माफी मागत नाही. नुसता बसून राहतो.

त्या वर्षी बायका रडल्या. कुणासाठी? पोरासाठी, की वेताळासाठी? त्यांनाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात अंधारातून आवाज आला, "राक्षसाला कसला आलाय आत्मा? हाणा त्याला!" तिथूनच दगड आला. नानांचा डोळा गेला. हळूहळू दुसराही मंदावला. मशीन विकलं. अक्का नवऱ्याला घरी ठेवून लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाऊ लागल्या.

मी आवाज ओळखला होता. आयुष्यभर आवाजांवरच जगलो मी. दवाखान्यात म्हणालो, "नाना, नाव सांगतो, पोलिसात चला."

नाना म्हणाले, "भाऊ, त्यानी वेताळले दगड मारा, माले नही. त्याना मनमा बठ्ठं शे. तो सोताच यी." त्याच्या मनात सगळं आहे, स्वतःच येईल, एवढाच भरवसा. आणि नाव घ्यायचं नाही, असं वचन घेतलं माझ्याकडून.

आला का तो? नानांची गल्ली टाळून जाऊ लागला. नानांचं मशीन होतं तोवर कपडे जळगावहून शिवून आणले. आला नाही. ओट्यावर पाऊल वाजलं की नाना मान वर करायचे. असायचा दूधवाला.

नाना मोठे होते. मी नाही. मला क्षमा जमत नाही आणि शिकायचीही नाही. नानांचा वेताळ निदान त्या आईसमोर जाऊन बसला. तुम्ही? दगड मारून तुम्ही आज हार घेऊन आलात! मघाशी फोटोपुढे म्हणालात, "फार भला माणूस होता." आवाज तोच. जरा जाड झालाय, एवढंच.

घाबरू नका. वचन मोडणार नाही, नाव घेणार नाही. अक्का या समोर बसल्या आहेत. माईक चालू ठेवून मी खाली उतरतोय.

मंडळी, उभे राहा. नानांसाठी सगळ्यांनी गप्प राहायचं, एक जण सोडून. तो अक्कांशी बोलेपर्यंत कुणीही खाली बसायचं नाही.