बासाच्या पोटातलं प्लास्टर

बापानं केलं ते. माझ्याच बापानं – तो बाहेर खुर्चीवर बसलाय ना, बाबाजी मूर्तिकार, तुमच्या मंडळाचा गणपती सतरा वर्षं करतोय, त्यानं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नायतर हात लावू नका एवढंच बोलणार होतो. व्हायोलिन नाय ते. डबल बास. माणसाएवढा, उभ्यानं वाजवायचा. डेकोरेशनला भाड्यानं? – थांबा, ऐका आधी.

हा रोह्याच्या काळुराममामांचा. सख्खे नाय, सगळी आळीच मामा म्हणायची. तीस वर्षं मुंबईत सिनेमाच्या गाण्यांना वाजवला, नाव कुठं छापून आलं नाय. बास कोण ऐकतं? गाणारी ऐकू येते, बासरी ऐकू येते. मामा मला पेटीवर साधं भजन वाजवायला लावायचे, स्वतः खाली बास धरायचे, आणि मधेच गज उचलायचे – तीच पेटी, तेच सूर, पण एकदम पोकळ, पायाखालची फळी काढल्यासारखं. बास काय असतो ते मला तो थांबल्यावर कळलं. मग त्यांच्याकडं हाच शिकायला लागलो, कॉलेज सुटलं. एसवायला. बाप बोलला, त्यापरीस मिरवणुकीत बेंजो वाजव, निदान लोक नाचतील.

मामा अंथरुणाला लागले तेव्हा हा मला दिला. बोलले, मूर्तींच्या कारखान्यात ठेवू नको. मी ठेवला – घरात जागा कुठं हाय? – आणि रोह्याला त्यांच्या उशाशी राहिलो पंधरा दिवस. जुलै महिना. इकडं जोह्यात बापाला वाटलं लाकूड ओलं झालं. मूर्ती सुकवायला हॅलोजन लावतो, तसे दोन लावले याच्यासमोर. पोट उभं तडकलं. मग? मूर्तिकार माणूस – या दोन भोकांतून प्लास्टर ओतलं, काथ्या सारला आणि आडवं धरून फिरवलं, साच्यात फिरवतो तसं, आतून सगळीकडं बसावं म्हणून. वरून रंग. रंगाला हात चांगला हाय त्याचा, मानतो – चीर शोधून दाखवा तुम्ही. फोडून काढा म्हणता? प्लास्टरबरोबर लाकूडपण येतं, साहेब.

मामांना एकदा ऐकायचा होता. डॉक्टर घरी न्या बोलले होते. मी हा न्यायला आलो, टेम्पोत चढवताना जड लागला. लागला, खोटं कशाला बोलू. तार छेडून बघायला किती वेळ लागतो? नाय बघितली, घाई होती. पण बाप बघत होता. दोरी त्यानंच बांधली. सांभाळून ने, बोलला. बस, तेवढंच.

खाटेजवळ उभा केला, गज ओढला. तार हाताखाली थरथरतेय आणि आवाज लाकडातच मरतोय – कोरडी खरखर, बाकी काय नाय. मामांचे डोळे मिटलेले. मी खांद्यातून जोर लावून ओढतोय, घाम गळतोय – आणि ते बोलतात, "थांबलास का रे?"

सांगायला पायजे होतं ना, वाजवतोय म्हणून? नाय सांगितलं. मी बोललो, "व्हय मामा, थांबलो."

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. संध्याकाळी गेले.

बापाला विचारलं तर बोलला, आवाजाचं मला काय कळतं, दिसतोय की नाय नव्यासारखा? – आणि लागला परत गणपतीचे डोळे आखायला.

आता इथंच मूर्ती घासतो मी. रंगाचा कंप्रेसर बंद झाला की कानाजवळ तेच – थांबलास का रे. दिवसाढवळ्या. आत्तापण, तुमच्याशी बोलताना. नाय, तुम्ही नाय बोललात, माहीत हाय.

भाड्यानं देत नाय. गणपतीचं बापाशी बोला, बाहेर.

मला एकच काम येत होतं. दोन वर्षं झाली, आता ते येत नाय.