पिळाचा कठडा

सॉफ्टवेअरमध्ये लोखंडी गजाला पीळ दिलाय कधी? सरळ गज पटकन होतो, पीळ दिला की कंप्युटर हँग. आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसकडे डिलाईल रोडच्या एका चाळीचं काम आलं होतं. तिच्या जागी टॉवर होणार होता, पण रहिवाशांची अट होती की गॅलरीचा कठडा जुन्यासारखाच पाहिजे, नाहीतर सही नाही. मी पाहणीला गेलो, वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून पीळदार गजांचे फोटो काढले आणि आठवडाभर खपून कंप्युटरवरच्या मॉडेलमध्ये तस्सेच बनवले.

चाळीत रहिवाशांच्या मीटिंगला स्क्रीनवर दाखवलं, तर सावंतकाकू म्हणाल्या, "हा आमचा नाय."

"काकू, तुमचाच आहे."

"लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय रे. असला नक्षीबिक्षीचा नाय आमचा."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी सगळ्यांना गॅलरीत नेलं आणि चादर उचलली. काकूंनी गजावरून हात फिरवला.

"हे कधी बसवलं?"

ऑफिसला येऊन मी मॉडेलमधल्या कठड्यावर चादरी वाळत घातल्या. पुढच्या मीटिंगला सगळ्यांनी कठडा लगेच ओळखला. सही फक्त काकूंची राहिली. त्यांचं म्हणणं, आमची चादर हिरवी आहे.